जुनीच किल्ली

मळणीचे दिवस आले की त्या भागातल्या गाड्यांची कुलपं आखडायला लागत. भुशाची बारीक धूळ दारातून, काचेतून, माणसांच्या कपड्यांतून गाडीत शिरायची आणि किल्लीच्या भोकात जाऊन बसायची. मग लोक करू नये ते सगळं करत. कोणी भोकात स्वयंपाकाचं तेल ओतत, कोणी केसातली पिन घालून ढवळत, कोणी नुसतंच फुंकत आणि तीच धूळ स्वतःच्या डोळ्यांत घेत. किल्ली वाकली आणि गाडी काही केल्या सुरू होईना, म्हणजे मग तात्यांना फोन यायचा.

तात्या म्हणजे इग्निशनचे, गाडी सुरू करायच्या कुलपांचे मिस्त्री. त्यांचं दुकान चाकांवर होतं. जुन्या व्हॅनचं बाजूचं दार सरकवलं की आत लाकडी फळी, फळीवर वस्तू घट्ट धरायचा व्हाइस, डब्यांमध्ये नवी कुलपं, वायरींची वेटोळी आणि कळकट चिंध्या. गाडी जिथे बंद पडली असेल तिथे व्हॅन जायची. व्हॅन चालवायची सून. तिचा नवरा लांबच्या शहरात माती उपसायच्या मशीनवर होता आणि सणासुदीसारखा कधीतरी घरी यायचा. सासूबाई गेल्यावर तात्या एकटे पडतील म्हणून ती त्यांच्याबरोबर फिरायला लागली ती लागलीच. स्टिअरिंगखालचं कव्हर उघडणं, वायरी सोडवणं, जोडणं हे सगळं तिच्याकडे होतं. कुलपाच्या आतलं काम मात्र तात्या तिला करू देत नसत.

त्या आतल्या कामातच तात्यांचं नाव होतं. नवं कुलूप नव्या किल्लीसकट येतं. ते तसंच बसवलं की दाराला एक किल्ली, इंजिनाला दुसरी, आणि गिऱ्हाईक जन्मभर खिसे चाचपत बसतं. इतर मिस्त्री तसंच करून मोकळे होत. तात्या जुनं कुलूप फोडायचे, त्यातल्या, किल्लीचे दाते धरून ठेवणाऱ्या नखाएवढ्या पितळी पत्त्या चिमट्यानं काढायचे आणि त्याच क्रमानं, प्रत्येकीखाली केसासारखी स्प्रिंग ठेवून, नव्या कुलपात बसवायचे. मग जुनीच किल्ली चालायची. "फिरवा, तुमचीच आहे," म्हणून ती मालकाच्या हातात द्यायचे आणि पहिल्यांदा मालकालाच फिरवायला लावायचे. हे करताना ते लोकांकडे पाठ करून बसत. कला आहे, उघड्यावर मांडायची नाही, असं त्यांचं म्हणणं होतं आणि सुनेला त्याचं हसू यायचं.

रिकामं झालेलं जुनं कुलूप ते फेकत नसत. सीटच्या मागे एक जाड तार होती, तीत ओवून ठेवत. कधी एखादा स्क्रू लागे, कधी एखादं टोपण. व्हॅन खड्ड्यातून गेली की ती मेलेली कुलपं एकमेकांवर आपटत आणि माणसं आवाजावरूनच ओळखत की तात्या आले.

या वर्षी धूळ जरा जास्तच होती. काम इतकं आलं की जेवायलाही गाडीतच बसावं लागे. तात्यांची पाठ पहिल्यापेक्षा जास्त वळलेली असे, हे सुनेच्या लक्षात आलं होतं. थकले असतील, असं तिनं मनाशी धरलं. शर्टाचं वरचं बटण ते हल्ली उघडंच ठेवत, उकडतंय म्हणत. एकदा चहाच्या टपरीवर त्यांनी काचेचा वाफाळता ग्लास मुठीत गच्च धरला, तिच्याकडे वळून बोलत राहिले आणि टपरीवालाच म्हणाला, "तात्या, हात आहे का लाकूड?" सगळे हसले, तात्याही हसले. सूनही हसली होती. ते हसू तिला नंतर फार टोचलं.

वीटभट्टीवर एक टेंपो अडला होता म्हणून ते दोघं दुपारी तिथे गेले. काम संपत आलं तेवढ्यात भट्टीवाला स्वतःच्या गाडीतून आला. त्याची गाडी तात्यांनी मळणीच्या सुरुवातीलाच करून दिली होती. तो एकदम खुशीत होता. इंजिन सुरू ठेवूनच त्यानं हाक मारली.

"मिस्त्री, तुमच्या हाताला तोड नाही. हे बघा." त्यानं सुरू गाडीची किल्ली सरळ उपसून बाहेर काढली. इंजिन आपलं गुरगुरतच होतं. त्यानं त्या किल्लीनं कान खाजवला आणि परत भोकात खुपसली. "आता गाडी चालू ठेवून घराचं दारसुद्धा उघडता येतं."

विटा वाहणारी माणसं हसली. तात्याही हसले, पण त्या हसण्याला आवाज नव्हता. सून हसली नाही. ती म्हणाली, "मालक, जरा खाली उतरता?"

ती गाडीत बसली. किल्लीला बोटानं नुसता झोका दिला. कुलूप आपोआप मागे फिरलं, इंजिन बंद पडलं, किल्ली निसटून तिच्या पायापाशी पडली. तिनं स्टिअरिंग वळवलं तर ते थोडंसं फिरलं आणि खट्ट झालं. आतली खिळी बसली होती. ती गाडी उभी असताना बसायची खिळी; चोरानं गाडी ढकलून नेऊ नये म्हणून असते. धावत्या गाडीत ती बसली तर चाकं जिथे तोंड करून असतील तिथेच गाडी जाणार.

"उद्या बघू याचं," तात्या मागून म्हणाले. "उन्हानं सैल झालं असेल."

कुलूप उन्हानं सैल होत नाही हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. तिनं कव्हर उघडलं, कुलूप बाहेर काढलं, व्हॅनमधल्या फळीवर नेऊन व्हाइसमध्ये धरलं आणि सासऱ्यांच्या देखत, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांच्या हातचं कुलूप फोडलं. आत एकच पत्ती होती. बाकीच्या खाचा मोकळ्या. असल्या कुलपात किल्ली काय, चमच्याचं टोकही फिरलं असतं.

तात्या दारात उभे होते. त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता ती सीटच्या मागे गेली आणि तारेतली कुलपं चाचपायला लागली. रिकामी असायला हवीत ती. बरीचशी होतीही. पण मधूनच बोटाला एखादं भरलेलं लागायचं. पत्त्या जागच्या जागी, स्प्रिंगांसकट, एखादीच काय ती काढलेली.

"तात्या, ही भरलेली कशी?"

ते वर चढले, तिच्या हातातून तार घेतली आणि एकेक भरलेलं कुलूप काढून सीटवर ठेवत गेले. कोणतं कोणाचं, हे त्यांना विचारावं लागलं नाही. हे शाळेच्या बाईंचं. हे रोपवाल्याचं. हे दोघा भावांच्या पिकअपचं. हे भट्टीवाल्याचं. एक कुलूप त्यांनी सीटवर ठेवलं नाही, सरळ खिशात घातलं. शेवटचं ठेवताना त्यांचा हात अडला.

ते कुलूप सुनेनंही ओळखलं. त्याच्या तोंडावर निळा रंग लागला होता. दुधाच्या कॅनच्या झाकणांना वन्संनी रंग दिला तेव्हा गाडीवरही उडाला होता, त्यातला तो थेंब. वन्सं म्हणजे तात्यांची मुलगी, तिची नणंद. लग्न पलीकडच्या वस्तीत झालेलं. त्यांची जुनी बंदिस्त गाडी त्या स्वतः चालवायच्या आणि रोज दुपारी गोठ्यांवरचं दूध गोळा करून कालव्याच्या बांधावरून डेअरीत नेऊन घालायच्या.

"बोटं बधिर झालीत," तात्या म्हणाले. आपल्या बोटांकडे ते परक्याची असावीत तशी बघत होते. "पत्ती धरली की नाही धरली, कळत नाही. स्प्रिंग उडून जाते, ती कुठे गेली तेही कळत नाही. एक बसवेपर्यंत घामाची आंघोळ होते, मग बाकीच्या खाचा रिकाम्याच सोडल्या. म्हटलं, हंगाम जाऊ दे. धूळ बसली की एकेकाच्या घरी जाईन, सावकाश नीट करून देईन."

"आणि मला सांगायचं नाही."

"कसं सांगू?"

तिला राग आला होता, आणि त्यांची दयाही आली होती, आणि दोन्हींना तेव्हा वेळ नव्हता. तिनं वन्संच्या फोनवर फोन लावला. तो त्यांच्या नवऱ्यानं उचलला. दुधाच्या हातांनी खराब होतो म्हणून ती तो घरीच ठेवते ना, तो म्हणाला. निघाली केव्हाच. बांधाला लागलीही असेल.

भट्टीवाला इतका वेळ खाली उभा राहून वाट बघत होता. गाडी सुरू करता येणार नाही, कुलूप फोडलंय, उद्या येऊन बसवून देऊ, असं सुनेनं सांगितलं तेव्हा त्याचा मघाचा आनंद पार उतरला. तो तिच्याशी बोललाच नाही. आपल्या सगळ्या माणसांसमोर तात्यांना म्हणाला, "म्हणजे मला खेळणं बसवून दिलंत होय? मी बायकापोरांना घेऊन घाट चढून आलो याच्यावर." तात्या मान खाली घालून उभे राहिले. डोक्यावरच्या विटा उतरवून माणसं बघत होती. सुनेनं तात्यांचा दंड धरला आणि त्यांना व्हॅनमध्ये बसवलं.

बांधावरचा रस्ता एका गाडीपुरता. डावीकडे कालवा काठोकाठ, उजवीकडे शेतात उतरणारी खडी घसरण. व्हॅन तिनं कधी हाकली नव्हती तशी हाकली. मागे तारेतली रिकामी कुलपं किणकिणत होती. तात्या दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकून पुढे वाकून बसले होते.

"तिचा जुडगा जड आहे," ते म्हणाले. "घराची, गोठ्याची, डेअरीच्या खोलीची, सगळ्या किल्ल्या एकाच कडीत."

"माहीत आहे."

"झोके खात असेल तो."

"तात्या, मला माहीत आहे."

वळण घेतल्यावर निळ्या ठिपक्यांची गाडी दिसली. पुढे बरीच लांब, मागे धुळीचा लोट, खड्ड्यांतून हेलकावे खात चाललेली. तात्यांनी सवयीनं हॉर्नकडे हात टाकला. सुनेनं त्यांचं मनगट पकडलं. बांधावर मागून हॉर्न वाजला की त्याचा एकच अर्थ होता: बाजूला हो, मला जायचंय. आणि बाजू फक्त कालव्याकडे होती. तिथल्या गवताच्या पट्टीवर डावी चाकं घालून वाट द्यायची, अशी तिकडची रीत. वन्सं रोज जाता-येता तसं करायच्या, डोळे मिटूनही केलं असतं.

मग काय करायचं? मागेमागे राहून रस्ता रुंद होईपर्यंत जायचं, तर तो रुंद होणार कालव्याचं पाणी सोडायच्या दरवाजापाशी, पार पुढे. तेवढ्यात आरशात बापाची व्हॅन दिसली असावी, कारण वन्संनी खिडकीतून हात काढून हलवला. आणि ओळखीच्या माणसाला वाट द्यायला त्या आपण होऊन काठाकडे सरकायला लागल्या. डावं चाक गवताला लागलेलं सुनेला दिसलं.

तिनं ब्रेक दाबला. व्हॅन रस्त्याच्या मधोमध उभी केली, खाली उडी मारली आणि पुढचं झाकण उघडून उभं केलं. वन्सं कधीच कोणाची बंद पडलेली गाडी टाकून पुढे जात नाहीत, हे तिला ठाऊक होतं. त्या थांबतील. थांबल्या म्हणजे झालं.

वन्सं थांबल्या खऱ्या. गाडीचे मागचे दिवे लाल झाले. आणि मग, सुनेनं विचारच केला नव्हता, ते पांढरे झाले. वन्सं बापासाठी गाडी मागे घ्यायला लागल्या. बांधावर, उलट्या, मान वळवून, एका हातानं स्टिअरिंग धरून.

सून धावली. दोन्ही हात वर करून, नको नको म्हणत. मागून तात्याही उतरून धावत होते. त्यांच्या चपलेचा आवाज तिला येत होता. गाडी एका खड्ड्यात आपटली, कॅन धडाधड वाजले आणि इंजिन बंद पडलं. आवाज थांबला तरी गाडी थांबली नाही. चाकं कालव्याकडे वळलेली होती आणि तशीच राहिली. ती संथपणे, कोणी ओढत असावं तशी, गवतावर आली. एक मागचं चाक कडेच्या पुढे गेलं. मग ब्रेक करकरला आणि गाडी तिथेच टेकली. ओलं ढेकूळ पाण्यात पडलं.

"पाय काढू नका!" सून ओरडली. "ब्रेकवरचा पाय काढू नका, वन्सं. हँडब्रेक ओढा. आता उजव्या दारातून या. सावकाश."

तिनं आणि तात्यांनी मिळून चाकांना दगड लावले. वन्सं उतरल्या. आधी त्या हसल्या. त्यांना वाटलं, आपलंच चुकलं. "स्टिअरिंग एकदम दगड झालं हो. आणि किल्ली बघा कुठे पडली, पायाखाली." मग त्यांनी तात्यांकडे पाहिलं. तात्या रस्त्यातच खाली बसले होते.

व्हॅनला दोर बांधून गाडी वर ओढली. मग तात्यांनीच सांगितलं. भट्टीवाल्याचं, शाळेच्या बाईंचं, सगळ्यांचं सांगितलं. वन्संनी ऐकून घेतलं.

"आणि माझ्या गाडीत? माझ्यासुद्धा?"

"तुझी त्याच दिवशी नीट करणार होतो," तात्या म्हणाले. "अंगणातच होती. दिवसभर लागला असता तरी चाललं असतं. पण तू समोर उभी होतीस."

वन्सं खाली बसल्या, बापाचा हात मांडीवर घेतला आणि त्यांच्या बोटाचं टोक आपल्या दोन नखांत धरून जोरात चिमटलं. "कळतं?" तात्यांनी मान हलवली, नाही. त्यांनी दुसरं बोट धरलं. तेही नाही. तिसऱ्याला त्या रडायला लागल्या आणि चिमटायचं थांबवलं.

दूध नासायच्या आत निघायला हवं होतं. सुनेनं गाडीतलं नवं कुलूप काढलं, निळ्या डागाचं जुनं घेतलं आणि चिमटा तात्यांपुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. "तू बसव," ते म्हणाले. "मी सांगतो."

ती फळीशी बसली आणि नकळत तिनं वन्संकडे पाठ केली. इतकी वर्षं तशीच पाठ बघितलेली.

"माझ्यासारखी पाठ करून बसू नकोस," तात्या म्हणाले. "इकडे वळ. तिला बघू दे."

ती वळली. पहिली स्प्रिंग उडाली आणि चिंध्यांत हरवली. दुसरी तिनं श्वास रोखून बसवली. तात्या सांगत होते: उताराची बाजू आतल्या अंगाला, दाबू नको, नुसती टेकव, ती आपली आपण बसते, आता जुन्यातली पुढची घे, क्रम मोडू नको. त्यांची बोटं मांडीवर आपोआप हलत होती. तिच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला तो वन्संनी पदरानं टिपला. शेवटची पत्ती बसली तेव्हा तात्यांनी कुलूप हातात घेतलं, किल्ली घातली, झोका दिला, ओढून पाहिली. किल्ली जागची हलली नाही.

गाडीत बसवून झाल्यावर त्यांनी जुडगा मुलीपुढे धरला. "फिरव, तुझीच आहे," हे मात्र त्यांना म्हणवलं नाही. वन्संनी जुडग्यातून इंजिनाची किल्ली सोडवून एकटी वेगळी केली, मग फिरवली.

पुढचे दिवस ते दोघं दारोदार फिरले. फोन करून सांगू, असं सून म्हणाली होती. तात्यांनी ऐकलं नाही. प्रत्येक दारात तेच पुढे होत आणि स्वतःच्या तोंडानं सांगत, मग बाजूला होऊन सुनेला जागा देत. शाळेच्या बाईंनी पाणी दिलं आणि बोटांना काय झालंय ते दाखवून घ्या, म्हणून दोनदा बजावलं. दोघा भावांनी आईवरून शिव्या दिल्या. भट्टीवाल्यानं त्यांना धुळीत तिष्ठत ठेवलं आणि काम झाल्यावर किल्ली पुन्हा पुन्हा उपसून पाहिली; ती निघेना तेव्हा त्याला थोडं वाईटच वाटलं असावं. सुनेचा हात बसत गेला. रिकामी झालेली कुलपं तारेत परत जात राहिली.

तार भरली तेव्हा सुनेला खिशातलं आठवलं.

"तात्या, ते एक राहिलं ना?"

त्यांनी ते काढून तळहातावर ठेवलं. भरलेलं. तिलाही मग ती गाडी आठवली. चौफुलीवर भर उन्हात अडलेली पांढरी गाडी, टपावर गुंडाळलेल्या गाद्या बांधलेल्या, मागे एक म्हातारी मांडीवर तुळशीएवढं कसलंसं रोपटं धरून बसलेली, आणि बापाच्या मांडीवर झोपलेलं मूल. बिऱ्हाड हलवून चालले होते. कुठून ते त्यांनी सांगितलं नव्हतं, कुठे ते यांनी विचारलं नव्हतं. घाई आहे, तेवढं मात्र तो माणूस सारखा म्हणत होता. कुलूप झाल्यावर त्यानं तात्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते.

चौफुलीवरच्या टपरीत, पेट्रोलपंपावर, दोन्ही बाजूंच्या नाक्यांवर तिनं विचारून पाहिलं. अशा पांढऱ्या गाड्या दिवसभर जातात, लोक म्हणाले.

धूळ आता बसली आहे. काम कमी झालंय. सून फळीशी बसते, तोंड गिऱ्हाइकाकडे करून. तात्या शेजारी स्टुलावर बसून सांगतात आणि ते कुलूप त्यांच्या खिशात असतं. तारेत त्यांनी ते ओवलं नाही. रस्त्यावरून पांढरी गाडी आली की ते बोलता बोलता थांबतात, उठून कडेपर्यंत जातात आणि हात वर करतात. गाड्या बहुतेक थांबत नाहीत. त्या दिसेनाशा होईपर्यंत सून चिमटा तसाच धरून ठेवते, आणि मग तात्या परत येऊन बसले की पुढची पत्ती उचलते.